वळवाच्या विजा आणि घरातला हॅम रेडिओ

एप्रिल लागला, दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागले की हैदराबादच्या हॅम मंडळींना दरवर्षी तेच प्रश्न पडतात. अँटेनासाठी स्वतंत्र अर्थिंग घ्यावे, की घराचेच चालेल? केबल काढून ठेवली की पुरे ना? अरेस्टर बसवला आहे, आता निर्धास्त राहावे का? तारनाका, हबसिगुडा, लालागुडा या भागांत राहणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. इथे थोडे खणले की मुरूम आणि त्याखाली ग्रॅनाइट लागतो, मग अर्थिंगचा खड्डा करायचा तरी कसा? प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: वीज जमिनीत लवकर ‘जिरवली’ की सेट वाचतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. सेट वाचतो तो मुख्यतः त्याला येऊन मिळणाऱ्या सगळ्या तारा एका जागी एकमेकींना जोडलेल्या असतात म्हणून. जमिनीतले ओहम त्यानंतर येतात. तारनाक्यासारख्या खडकाळ भागात हा क्रम नीट लक्षात ठेवायला हवा, कारण इथे कमी ओहमच्या मागे लागून पैसे जातात आणि सेट मात्र उघडाच राहतो.

नुकसान कुठून होते

अँटेनावर थेट वीज पडण्याचे प्रसंग विरळा असतात. बहुतेक सेट जळतात ते जवळपास पडलेल्या विजेमुळे. ४० मीटर बँडचा साधा डायपोल सुमारे २० मीटर लांबीचा असतो. काहीशे मीटरवर वीज पडली, तरी एवढ्या लांब तारेत क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो. तसाच दाब खांबांवरून येणाऱ्या वीजपुरवठ्याच्या तारांवरही येतो. रोटेटरची केबल, संगणकाला जोडलेली यूएसबी, राउटरची लॅन या आणखी काही वाटा झाल्या.

यातली कोणतीही एक वाट एकटी सेटला मारत नाही. अँटेनाकडून आलेला दाब मेन्सच्या तारेने बाहेर पडू पाहतो, किंवा मेन्सकडून आलेला दाब अँटेनाच्या केबलने, आणि दोन्ही वेळा मधला रस्ता सेटच्या पोटातून जातो. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: या साऱ्या तारांमध्ये, सेटच्या बाहेरच, एकमेकींशी समान दाबावर राहण्याची सोय आहे का?

ओहमचा हिशेब एकदा करून पाहा

३ मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाडीची अर्थ सळई घ्या. मराठवाड्यातल्या ओलसर काळ्या मातीची विशिष्ट रोधकता १० ओहम-मीटर धरली, तर त्या सळईचा रोध साधारण ३ ओहम येतो. ग्रॅनाइटवरच्या कोरड्या मुरुमाची रोधकता १,००० ओहम-मीटर धरली, तर तीच सळई ३३० ओहमच्या वर जाते. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल की तारनाक्यात सारेच अवघड आहे. पण हिशेब पुढे न्या. विजेच्या पहिल्या झटक्याचा प्रवाह सर्वसाधारणपणे ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो. तो ३ ओहममधून गेला तरी सळईचा दाब ९०,००० व्होल्टवर चढतो. म्हणजे काळ्या मातीतले उत्तम अर्थिंगही त्या क्षणी ‘शून्य’ राहत नाही.

त्यात तारेची लांबी मिळवा. सरळ तारेचे प्रेरण मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह एका मायक्रोसेकंदात १०,००० अँपिअरने वाढला, तर तारेच्या दर मीटरवर १०,००० व्होल्ट उभे राहतात. चौथ्या मजल्यावरच्या खोलीतून खाली अंगणापर्यंत १५ मीटर अर्थ वायर सोडली, तर एकट्या त्या तारेवर दीड लाख व्होल्ट येऊ शकतात. खाली खड्ड्यात कितीही मीठ-कोळसा भरा, या आकड्यात काही फरक पडत नाही.

तात्पर्य इतकेच की वीज पडते त्या क्षणी सेटचा दाब वर चढणारच आहे. तो सगळ्या बाजूंनी सारखा चढला तर सेटमधून प्रवाह जायला कारण उरत नाही. पूर आला की मोकळी होडी पाण्याबरोबर वर येते. एक टोक तळाशी जखडलेले असेल तर ती उलटते. सेटचे तसेच आहे.

‘रेडिओसाठी वेगळे अर्थिंग’ हा सल्ला का नाकारावा

इलेक्ट्रिशियन, ध्वनियंत्रणावाले आणि काही जुने हॅमसुद्धा हा सल्ला मनापासून देतात. घराच्या अर्थिंगवर मोटर, फ्रिज यांचा गोंगाट असतो, म्हणून रेडिओची सळई निराळी हवी, असा त्यामागचा विचार. गोंगाटाची तक्रार काही वेळा खरीही असते. पण दोन सळया एकमेकींना न जोडता ठेवल्या, की अंगणातली सळई एका दाबावर आणि मेन्सचे अर्थिंग दुसऱ्याच दाबावर अशी स्थिती होते, आणि त्या दोहोंना जोडणारा एकमेव दुवा उरतो तो तुमचा सेट. वेगळे अर्थिंग घेऊन तुम्ही सेटला संरक्षण देत नाही, त्याला पुलासारखे मध्ये बसवता. आणि नुसता सेट जात नाही, माइक हातात धरलेल्या माणसालाही धोका असतो.

यावर लगेच आक्षेप येतो: ‘जोडले तर अँटेनावरची वीज साऱ्या घरात पसरेल.’ भीती समजण्यासारखी आहे, पण जोडणी नसली तरी वीज घरात येतेच. फरक एवढाच की तेव्हा ती भिंतीतून, टेबलावरून किंवा सेटमधून उडी मारून वाट काढते. जाड, आखूड तारेने जोडलेल्या यंत्रणेत ती ठरवून दिलेल्या वाटेने जाते. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक आयएस ३०४३ आणि वीज संरक्षणाचे आयएस/आयईसी ६२३०५ ही दोन्ही समदाब जोडणीचाच आग्रह धरतात. रेडिओसाठी नवी सळई जरूर ठोका, पण ती घराच्या मुख्य अर्थ पट्टीला जोडल्याशिवाय सोडू नका. गोंगाटाचा बंदोबस्त केबलवर फेराइटची कडी घालून करा, अर्थ तोडून करू नका.

सगळ्या तारांना एकच दार

खिडकीशेजारी किंवा भिंतीतल्या भोकाशी तांब्याची अथवा ॲल्युमिनियमची एक जाड पाटी बसवा, साधारण वहीच्या पानाएवढी. रेडिओच्या खोलीत येणारी प्रत्येक तार या पाटीवरूनच आत जाईल, हा नियम. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा देणारे काम हेच आहे, म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी पाटी करा, महागडा अरेस्टर नंतर.

- प्रत्येक कोअॅक्सचा अरेस्टर थेट पाटीवर बोल्टने कसा. पाटीपासून हातभर तारेने लोंबणारा अरेस्टर फारसा कामाचा नाही.
- सेटचा मेन्स सॉकेटही पाटीजवळच घ्या आणि त्याचे सर्ज प्रोटेक्टर पाटीला जोडा. निम्मे लोक चुकतात ते इथे: अँटेनाचा अरेस्टर खिडकीत असतो, मेन्सचा प्लग खोलीच्या दुसऱ्या टोकाला.
- रोटेटर आणि लॅनच्या तारांनाही त्यांचे संरक्षक इथेच लावा. ब्रॉडबँड फायबरने येत असेल तर तेवढी एक वाट कमी होते.
- पाटीपासून मुख्य अर्थ पट्टीपर्यंत किमान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किंवा पट्टी, शक्य तितकी आखूड, काटकोनी वळण न देता. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची हिरवी तार या कामाची नाही.
- सेट, पॉवर सप्लाय, ट्यूनर या प्रत्येकाच्या मागच्या अर्थ स्क्रूपासून स्वतंत्र तार पाटीकडे आणा. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करू नका.
- बाहेर कोअॅक्सला खाली झुकणारा एक फेरा द्या, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत पाटीकडे येणार नाही.
- तांबे आणि जस्ताचा मुलामा असलेले लोखंड थेट भिडवू नका. पावसाळ्यात असा सांधा आतून कुजतो आणि वरून मात्र धडधाकट दिसतो. मध्ये कथिलाचा मुलामा असलेला वॉशर घाला.

अरेस्टर निवडताना आतल्या गॅस ट्यूबचा व्होल्ट आकडा पाहा. १०० वॅट पॉवर ५० ओहमच्या केबलवर १०० व्होल्टचे शिखर देते. ४०० वॅट दुप्पट, म्हणजे २०० व्होल्टचे. अँटेना जुळलेली नसेल तर हा आकडा आणखी दुपटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून १०० वॅटच्या सेटसाठी २३० व्होल्टच्या आसपासची ट्यूब आणि ४०० वॅटसाठी ६०० व्होल्टच्या आसपासची ट्यूब योग्य ठरते. फार कमी व्होल्टची घेतली तर तुमच्याच प्रक्षेपणाने ती पेटेल; ‘ताकदवान’ म्हणून फार वरची घेतली तर रिसीव्हरचे पुढचे टोक आधी जाईल.

खडकात अर्थिंग कसे करावे

एक खोल खड्डा खणण्याच्या हट्टाला इथे अर्थ नाही. मातीचा थर जिथे जास्त आहे, म्हणजे बागेच्या कडेला, झाडांच्या आळ्याजवळ किंवा भरावाच्या जागी, तिथे उथळ चर खणून लांब पट्टी पुरा. तिच्यावर दोन-तीन सळया, प्रत्येकीत निदान सळईच्या लांबीइतके अंतर ठेवून. पट्टीभोवती बेंटोनाइट भरा, ते ओल धरून ठेवते. मीठ पहिल्या वर्षी आकडा छान दाखवते, पुढे पावसात वाहून जाते आणि जाताना लोखंड खाऊन जाते. बोअरवेलच्या केसिंगला अर्थिंग म्हणून वापरू का, हाही नेहमीचा प्रश्न. केसिंग बहुधा कठीण खडक लागेपर्यंतच असते आणि अनेकदा ते पीव्हीसीचे असते. लोखंडी असेल तर ते बाकीच्या अर्थिंगला जोडा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. मोजणी करायची तर एप्रिल-मेमध्ये करा, जमीन सर्वांत कोरडी असताना. ऑगस्टमधला आकडा फसवतो.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर

तारनाक्यातली बरीच बैठी घरे पाडून तिथे पाच-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यामुळे बहुतेकांचा प्रश्न असा असतो: गच्चीवर अँटेना, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर सेट आणि अंगण कोणाचेच नाही. इथे मनाशी स्पष्ट निवड करा. इमारतीला वीजवाहक यंत्रणा असेल, तर अँटेनाचा खांब आणि कोअॅक्सचे बाह्य आवरण गच्चीवर तिला जोडा, केबल तिच्यापासून लांबून खाली आणा, आणि फ्लॅटमध्ये पाटी करून ती तुमच्या वितरण पेटीतल्या अर्थ पट्टीला जोडा. यंत्रणा नसेल, तर थेट पडणाऱ्या विजेला तोंड देण्याचे स्वप्न सोडा. गच्चीच्या कठड्याखाली राहणारी हलकी तारेची अँटेना वापरा, जवळच्या विजेपुरते संरक्षण वर सांगितल्याप्रमाणे करा आणि वादळात केबल बाहेरच तोडून ठेवा. खिडकीतून खाली सोडलेली एकटी लांब अर्थ वायर हा यावरचा उपाय नव्हे; दीड लाख व्होल्टचा हिशेब आठवा.

‘शेजारी उंच इमारत आहे, वीज तिच्यावर पडेल,’ हा दिलासाही फार ताणू नका. उंच वास्तू तिच्या अगदी लगतच्या भागालाच आडोसा देते, आणि तिच्यावर पडलेली वीजसुद्धा तुमच्या अँटेनात दाब निर्माण करतेच.

गच्चीबाबत हक्काचा मुद्दाही आहे. दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा परवाना तुम्हाला प्रक्षेपणाचा हक्क देतो, सामायिक गच्चीवर खांब उभारण्याचा नाही. असोसिएशनकडे लेखी अर्ज करा आणि त्यात खांबाची उंची आणि वजन, वॉटरप्रूफिंगला भोक न पाडता बसवण्याची पद्धत, जवळच्या वीजतारांपासूनचे अंतर आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनने काढलेला जोडणीचा आराखडा द्या. मंजुरी ठरावाच्या प्रतीसह घ्या. समिती बदलली की तोंडी होकार टिकत नाही. भाड्याने राहत असाल तर घरमालकाची संमतीही कागदावर हवी.

केबल काढून ठेवणे: केव्हा, कशी

‘एवढा खटाटोप कशाला, सगळे काढून ठेवावे,’ असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. पूर्ण तोडलेला सेट हा सर्वांत सुरक्षित सेट. पण तुम्ही ऑफिसात असताना, सुटीला नांदेडला किंवा पुण्याला गेलेले असताना वळीव येतो, आणि रिपीटरसारखी केंद्रे तर बंद ठेवताच येत नाहीत. शिवाय हॅम रेडिओची खरी गरज बाकी सारे कोलमडते तेव्हाच असते. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरमधून संदेश पोहोचवणारी हॅमची तुकडी हैदराबादच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओची होती. म्हणून दोन्ही हवे: कायमची जोडणी आणि वेळेवर तोडणी.

वेळ ठरवायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप फोनवर ठेवा. ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवते. विजा ४० किलोमीटरच्या आत आल्या की तयारीला लागा, २० किलोमीटरच्या आत येण्याआधी काम उरका. अॅप नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा: ३० सेकंद म्हणजे सुमारे १० किलोमीटर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. त्यानंतर कनेक्टरला हात लावू नका, गच्चीवर तर मुळीच जाऊ नका. सेट जाईल तर जाईल. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात.

1. सेट बंद करून मेन्सचा प्लग ओढून काढा. नुसते बटण बंद केल्याने काही मिलिमीटरची फट पडते, ती पुरत नाही.
2. यूएसबी, लॅन आणि रोटेटरच्या तारा काढा.
3. कोअॅक्स शेवटी आणि बाहेरच्या बाजूने काढा. तिचे टोक पाटीच्या अर्थला जोडलेल्या सॉकेटमध्ये अडकवा.

टोक खोलीत आणून काचेच्या बाटलीत ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्या. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला बाटलीची काच अडवू शकत नाही, आणि ते टोक तर तुमच्या पलंगाजवळ असते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटे थांबून मगच सारे पुन्हा जोडा.

दुकानात सावध राहा

काही विक्रेते गच्चीवर एकच खास टोकाचा दांडा बसवून ८०-१०० मीटर परिसर सुरक्षित होतो, असे सांगतात. आयएस/आयईसी ६२३०५ असा वाढीव परिघ मान्य करत नाही. दांड्याची प्रत्यक्ष उंची आणि जागा यांवरच संरक्षण मोजते. स्पाइक गार्ड घेताना त्यात अर्थशी जोडलेला संरक्षक आहे का ते पाहा. तो दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला की त्याचे निम्मे काम तिथेच संपते. वितरण पेटीत टाइप २ प्रकारचा सर्ज प्रोटेक्टर बसवलात, तर त्याची खिडकी हिरवी आहे की लाल, हे दर मोठ्या वादळानंतर बघा.

वीजपुरवठा आणि विमा: तुमचे हक्क

मीटरजवळ वापरायोग्य अर्थ टर्मिनल पुरवणे आणि ते नीट राखणे ही वीज कंपनीची जबाबदारी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत ती स्पष्ट आहे. ते नसेल किंवा गंजून तुटले असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही, तर २००३च्या वीज कायद्याच्या कलम ४२नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

विम्यात अधिक सावध राहा. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देत असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वीज पडणे हा धोका नावानिशी समाविष्ट आहे आणि घरातल्या सामानालाही ठरावीक मर्यादेत संरक्षण मिळते. पण गृहविम्याच्या वगळणुकीच्या कलमांत विद्युत उपकरणाचे शॉर्ट सर्किट किंवा जादा दाबामुळे झालेले नुकसान, कारण वीज असले तरी, बाजूला काढलेले असते. सेट जळाला आणि भिंतीवर खूण नाही, तर दावा याच कलमावर अडतो. म्हणून पॉलिसी घेतानाच विचारा की विजेच्या दाबाने नुसता सेट निकामी झाला तर भरपाई मिळेल का, आणि उत्तर ईमेलवर घ्या. नाही म्हणाले तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे जोड संरक्षण मागा. सेटचे बिल, अनुक्रमांक, परवान्याची प्रत आणि पाटीचे फोटो घराबाहेरही एका ठिकाणी ठेवा. दावा नाकारला, किंवा तक्रारीला महिनाभरात उत्तर आले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. त्याचे कार्यालय हैदराबादेत आहे.

वीज पडून गेल्यावर

लगेच स्विच चालू करू नका. आधी जळका वास, वितळलेला कनेक्टर, पाटीवरचे काळे डाग पाहा आणि काहीही हलवण्यापूर्वी फोटो काढा. सर्व्हेअर येईपर्यंत जळके भाग फेकू नका. इलेक्ट्रिशियनकडून घराच्या अर्थिंगची सलगता तपासून घ्या. मग कोअॅक्सचा आतला तंतू आणि बाह्य आवरण यांत शॉर्ट आहे का ते मल्टिमीटरने बघा. डायपोलवर बालन किंवा ब्लीडर असेल तर रोध कमी दिसणे स्वाभाविक आहे, म्हणून चांगल्या दिवसातला आकडा आधीच टिपून ठेवलेला बरा. सेट प्रथम डमी लोडवर, सर्वांत कमी पॉवरला चालवा. सगळे ठीक वाटले तरी रिसीव्हर बहिरा झालेला असू शकतो, तेव्हा नेहमीचे एखादे दूरचे स्टेशन पूर्वीइतकेच ऐकू येते का ते तपासा. गॅस ट्यूब एकदा जोराचा झटका खाल्ल्यावर बाहेरून चांगली दिसली तरी बदला, आणि बदलल्याची तारीख पाटीवरच मार्करने लिहून ठेवा.